मधलं वाक्य

११ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उशिराला पेपर तपासणीचं कारण देता आलं असतं, पण मी पेपर झटपट तपासतो हे तुला ठाऊक आहे. पत्र खिशात होतं. शाळेत जाताना खिशात, येताना खिशात. तुझ्या वहिनीने सदरा भिजवण्याआधी ते काढून टेबलावर ठेवलं, उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं. वाचलं तिनेही आहे. वाचून झाल्यावर "बरं झालं, एकदाचं बोलला तरी" एवढंच म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून परत घालत होती, हे मी पाहिलं.

तू लिहितोस : "ती माझ्या फोनवर येत नाही. यावरून मला काय समजायचं ते मी समजलो. दादा, आता तिला तुमचीच मुलगी समजा. सुट्टीत मी येत नाही."

हे मी भाऊ म्हणून वाचायच्या आधी मास्तर म्हणून वाचलं, ही माझी खोड. 'यावरून' या शब्दाखाली मनातल्या मनात लाल रेघ मारली. हसू नकोस. हा शब्द मी सध्या वर्गात बंद केलाय, आणि त्याला निम्मं कारण तू आहेस.

तू लिहिलेलं ते पिवळ्या कव्हरचं गाईड माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त दप्तरांत आहे. त्यातलं प्रत्येक उत्तर एकाच साच्याचं. आधी मत. मग धड्यातली एक ओळ, अवतरणचिन्हांत. मग 'यावरून हे स्पष्ट होते की' आणि पुढे पहिलंच मत, नवे कपडे घालून. खाली उभा असलेला माणूस जिना न चढताच गच्चीवर दिसावा, तसं. मुलं तेच उचलतात. परवा एकाने लिहिलं, "'आजीने खिडकी लावून घेतली.' यावरून आजी प्रेमळ होती हे स्पष्ट होते."

मी विचारलं, "खिडकी लावली. मग?"

"मग प्रेमळ, सर."

"थंडी होती का? नातू आजारी होता का? की समोरच्या बाईचं तोंड बघायचं नव्हतं?"

वर्ग हसला. तोही हसला आणि धडा उघडून बघायला लागला. एवढंच मला हवं असतं. दाखला आणि मत यांच्या मध्ये एक वाक्य लागतं, जे धड्यात छापलेलं नसतं आणि गाईडातही नसतं. ते मुलाला स्वतःच्या डोक्यातून काढावं लागतं. मी त्याला मधलं वाक्य म्हणतो. मुलं मला मगसर म्हणतात. फळ्यावर रोज कुणीतरी चहाचा मग काढून ठेवतं आणि त्याला माझा चष्मा लावतं. कान चांगला जमतो, चष्मा जमत नाही.

आपल्या गावच्या शाळेत गुरुजी एकच शब्द विचारायचे, "कशावरून?" तू त्याला घाबरून खिडकीतून पसार व्हायचास. मला मात्र तो शब्द आवडायचा. गुरुजींचा आवाज चढलेला नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

म्हणून तुला विचारतो. ती फोनवर येत नाही, हे खरं. मग?

तुझी पोर पाच वर्षांची होती, जेव्हा तू तिला आमच्याकडे ठेवून शहरात त्या प्रकाशकाकडे रुजू झालास. तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आता ती नववीत आहे, माझ्याच वर्गात. घरी तुझी वहिनी तिला वकीलबाई म्हणते, कारण साधं "दूध पी" म्हटलं तरी तिला आधी मुद्दा लागतो. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

तू उत्तर धाडलं नाहीस, तरी मी लिहितोय. आज वर्गात जे झालं ते तुला कळायला हवं.

पुलाच्या कामावरच्या एका मजुराचा धडा आहे. तो खूप दिवसांनी घरी येतो. धड्यात असं लिहिलंय : 'त्याने दाराशी चपला काढल्या. आतून मुलीच्या पाठांतराचा आवाज येत होता. तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग चपला घालून परत गेला.' तो का गेला हे लेखकाने कुठेच सांगितलेलं नाही. मी प्रश्न दिला : या बापाचं मुलीवर प्रेम आहे का? मत मांडा, आणि धड्यातून आधार द्या.

आपल्या पोरीने लिहिलं, "नाही. 'चपला घालून परत गेला.' जो निघून जातो त्याचं प्रेम नसतं. म्हणून याचंही नाही."

धाकट्या, वर्गात तेव्हापर्यंत कुणी मधलं वाक्य असं सरळ लिहिलं नव्हतं. बाकीची पोरं दाखल्यावरून मतावर उडी मारून मोकळी होत होती. हिने पूल बांधला होता. रीत चोख होती. शेरा न लिहिता मी वही बाजूला ठेवली.

शेवटी नाव न सांगता ते वाक्य मी वर्गात वाचलं. "हे वाक्य सगळीकडे लावून बघा," म्हटलं. "टिकतं का?"

कंपाउंडरची मुलगी आहे एक, पुढच्या बाकावर. ती म्हणाली, "सर, माझे बाबा रात्रपाळीला जातात. रोज निघून जातात."

"मग?"

"मग वाक्य गळतं, सर."

मागून कुणीतरी म्हणालं, "आणि ओळ पण अर्धीच घेतलीय. चपला काढल्या, ते कुठे गेलं? आत यायचं नव्हतं तर काढल्या कशाला?"

इथे आपली वकीलबाई उभी राहिली. नाव सांगितलेलं नव्हतं, पण तिला राहवलं नाही. "काढल्या असतील," ती म्हणाली. "आत आला का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

सगळा वर्ग ओरडला. माझाच शब्द माझ्याच टाळक्यात. मी काही बोलणार तेवढ्यात घंटा झाली, आणि खरं सांगायचं तर बरं झालं. ती दप्तर उचलून ताठ मानेने बाहेर गेली. दारात थांबून "येते, सर" म्हणाली. शाळेत ती मला काका म्हणत नाही. एकदा तोंडातून निघून गेलं होतं, तर दिवसभर तिचा चेहरा पडलेला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी नंतर बोलावून घेतलं. "तुमचा एक धडा होतो तोवर इतर तुकड्यांचे चार होतात."

"हो, बाई."

"हो काय? मग?"

आता त्याही म्हणायला लागल्या.

संध्याकाळी देवापुढे बसलो. मी मागत काही नाही, निदान तसा माझा समज आहे. पण आज ते वाक्य डोक्यातून जाईना. जो निघून जातो त्याचं प्रेम नसतं. हे तिने धड्यातल्या मजुराबद्दल लिहिलेलं नाही, हे तुलाही कळतंय आणि मलाही. आता सांग, तू सुट्टीत येणार नाहीस असं लिहिलंस, ते तिच्या वाक्याला बळकटीच देणार ना?

दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. घंटा वाजल्याबरोबर वकीलबाई उठल्या आणि गॅलरीतले कपडे काढायला गेल्या. कपडे ओले होते. वहिनीने फोन घेतला. तू जे विचारलंस ते मला इथपर्यंत ऐकू आलं. अभ्यास कसा चाललाय, चाचणीत किती पडले, गणिताचं काय. वहिनीने सगळं सांगितलं. तू "बरं" म्हणालास आणि ठेवून दिलास.

पोरगी ओले कपडे हातावर घेऊन परत आली. मी उठलो, तुझं पत्र आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. पण मला असं वाटलं की ज्याच्याबद्दल निकाल दिलाय त्याला तो वाचायला तरी मिळावा.

तिने वाचलं. मग बोट ठेवून परत वाचलं.

"हे कशावरून काढलं त्यांनी?"

"तू फोनवर येत नाहीस, त्यावरून."

"मी फोनवर येत नाही, कारण त्यांना मार्क हवे असतात आणि माझ्याकडे ते नसतात. गाईडवाल्यांची मुलगी आणि निबंधात काठावर पास. काय सांगू?"

मार्क मीच दिलेले, पण हे कारण आम्हाला माहीत नव्हतं, धाकट्या. तिच्याबरोबर इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. मला वाटत होतं ती रुसलीय. तुला वाटत होतं तिला तू नकोस. आणि ती मात्र दोरीवरचे ओले कपडे काढत होती, कारण तिला लाज वाटत होती.

वहिनीने शेंग फोडता फोडता विचारलं, "पण त्यांना मार्कच हवेत, हे कशावरून?"

"दर फोनला तेच विचारतात."

"मग?"

मी म्हणालो, "घरात एक मगसर होता तो कमी पडत होता बहुतेक."

"तुम्ही गप्प बसा हो," वहिनी म्हणाली. "मी तिला विचारतेय."

"मग त्यांना फक्त मार्कच हवेत," पोरगी म्हणाली.

"हे तू आधीच सांगितलंस. मधलं सांग."

ती दाणे एका बाजूला आणि टरफलं एका बाजूला करत राहिली. आमच्याकडे न बघता म्हणाली, "दुसरं काय विचारायचं, ते त्यांना माहीत नसेल." आणि लगेच मान वर करून, "मी नसेल म्हटलंय. नाही असं नाही म्हटलं."

मी मान डोलावली. दाखल्यातून जेवढं निघत होतं तेवढंच ती बोलली, आणि तेवढंच बोलायला हवं होतं.

आता तुझ्यापुढे ठेवतो. दाखला एकच आहे, तू दर फोनला मार्क विचारतोस. त्याला एक मधलं वाक्य लावलं तर तू वाईट बाप ठरतोस, दुसरं लावलं तर गोंधळलेला. कुठलं खरं ते तू सांगायचं. मी तुला लहानपणापासून ओळखतो आणि माझं मत काय आहे ते तुला ठाऊक आहे. पण माझं मत तिच्या उपयोगाचं नाही.

आणि एक. "तुमचीच मुलगी समजा" हे तू लिहिलेलं आम्हा दोघांना गोड लागलं होतं. पत्र एवढे दिवस खिशात राहिलं ते त्यामुळे. वहिनी बाजारात अभ्यासाचं नवं टेबल बघून आली होती, आताचं डुगडुगतं म्हणून. हे लिहून टाकतो आणि पुढे जातो.

पुढच्या रविवारी फोन कर. ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही आणि फक्त तिलाच देता येईल, असं काहीतरी विचार. सुचलं नाही तर सुचत नाही म्हणून सांग.

दादा


८ मार्च

धाकट्या,

तुला काय वाटलं मी ऐकत नव्हतो?

फोन वाजला तेव्हा वहिनीचे हात कणकेत होते. मला एकाएकी देव आठवला आणि मी डोळे मिटून बसलो. तो समजून घेईल. तिसरं माणूस घरात एकच होतं. तिने जरा वाट पाहिली आणि फोन उचलला.

"हं." मग परत, "हं." मग, "काय? माझ्या वर्गात? हो, सगळ्यांकडे आहे." मग, "खरं सांगू?"

तिने फोन टेबलावर आडवा ठेवला, खाली वाकली आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखालून तुझं गाईड काढलं. होय, तिथेच असतं ते. तुला सांगणार नव्हतो. टेबल कललं, पेनं घरंगळली, तिने ती उचललीही नाहीत, फोन मात्र उचलला. मी एक डोळा उघडला.

"पान सापडलं. हे बघा, माळ्याचा धडा. तुम्ही म्हणता माळी कंजूष आहे. आधार काय, तर 'त्याने मुलाला एकच फूल दिले'. पण बागेत त्या दिवशी एकच फूल होतं. तिसऱ्या परिच्छेदात आहे. बाबा, तुम्ही धडा वाचलाय का?"

तिकडून तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. पण तिचा चेहरा मी पाहिला. आधी तोंड उघडंच राहिलं. मग "नाही? नाही म्हणजे?" आणि मग ती हसायला लागली. खाली बसून, भिंतीला टेकून हसली. वहिनी कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मीही देवाला सोडून आलो. पीठ सुकलं, पण फोन काही संपेना. पोरगी पानामागून पान उलटत होती आणि तुझी खरडपट्टी काढत होती. "हे पण? हे कुणी लिहिलं? तुम्हीच? बाबा, हा तर तुम्ही प्रश्नच उत्तर म्हणून छापलाय."

जेवताना मी विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, चुका सांग. म्हणाले, नवी आवृत्ती छापायला जायचीय आणि मला कुणी खरं सांगत नाही. आणि धडे वाचलेच नव्हते. आधीच्या कुणाच्या गाईडवरून उतरवलंय म्हणाले."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "खरं बोलले."

वहिनीने तिच्या ताटात न विचारता अजून भात वाढला आणि तिने मुद्दा न काढता खाल्ला.

तुझ्या कबुलीमुळे माझ्या वर्गाचं काय होणार ही चिंता वेगळी. सोमवारी शाळेत बातमी गेली आहे की गाईडवाल्याने धडे वाचलेले नाहीत. कंपाउंडरची मुलगी उत्साहाने बाकीच्या चुका हुडकतेय. धडे कधी नव्हे इतके वाचले जातायत. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमच्या भावाचे आभार मानायला हवेत." त्या खवचटपणे म्हणाल्या की मनापासून, ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारीही कर. ती नऊपासून फोनजवळ वावरत असते आणि काहीतरी हरवल्यासारखं दाखवते.

दादा


३० मार्च

धाकट्या,

मजुराच्या धड्यावरचा निबंध तिने स्वतःहून परत लिहून दिला. मी सांगितलं नव्हतं. तुला उतरवून पाठवतो, कारण तो तू वाचावास असं मला वाटतं. तिला विचारून पाठवतोय. ती म्हणाली, "पाठवा. पण त्यांच्या गाईडात छापायचा नाही."

'या बापाचं मुलीवर प्रेम आहे की नाही, हे एवढ्या ओळीवरून ठरत नाही. "त्याने दाराशी चपला काढल्या." आत यायचं असलं की चपला काढतात. म्हणजे दाराशी पोचला तेव्हा त्याला आत यायचं होतं. "चपला घालून परत गेला." म्हणजे मध्ये काहीतरी आडवं आलं. ते काय, हे धड्यात नाही. आतून पाठांतराचा आवाज येत होता, तेवढं आहे. कदाचित त्याला वाटलं असेल की मुलगी कामात आहे, आपण कशाला मध्ये जा. पण हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही. लेखकाने त्याला विचारलं नाही. मुलीला विचारता आलं असतं. तिने पाठांतर थांबवून दार उघडायला हवं होतं.'

मी खाली नुसते मार्क दिले. किती, ते तू तिला विचारू नकोस.

आता कामाचं. तिने काल रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं की सुट्टीत ती तुझ्याकडे येणार आहे. कारण विचारल्यावर म्हणाली, "इतक्या चुका फोनवर सांगून होत नाहीत. समोर बसावं लागेल." वहिनी म्हणाली, "गाईडासाठी एवढा प्रवास?" तर म्हणे, "मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, काकू." आणि स्वतःच पाण्याचा घोट घेताना हसली, ठसका लागला, पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

दहावीनंतर कॉलेजाचं काय, ती तिकडे राहणार की इकडे, हे तू तिला पहिल्याच दिवशी विचारशील. नको विचारूस. ती स्वतः काढील तो विषय, आणि काढला की तुझी सुटका नाही. सकाळी तिला उठवायचं नसतं, नुसता चहा करायचा, वासाने उठते. अंधारात झोपत नाही, कॉरिडॉरचा दिवा चालू ठेव. लाल पेन तिने स्वतःचं घेतलंय. धडे मात्र तू आधी वाचून ठेव, सगळे. ती वरवर विचारणार नाही.

वहिनी आज दिवसभर तिची बॅग भरते आहे. भरते, परत काढते, इस्त्री करते, परत भरते. नवं टेबल परवा आणलं, आमच्यासाठी म्हणून. कशासाठी ते मी विचारलं नाही. ते चारही पायांवर नीट उभं आहे आणि त्याच्यावर आत्ता हे पत्र लिहितोय. पोरगी शेजारच्या खोलीत कंपाउंडरच्या मुलीला फोनवर सांगते आहे की बाबांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे आणि तिथे बसून काम करायचं ठरलंय. हे तुम्ही दोघांनी कधी ठरवलंत, ते आम्हाला कळलंही नाही. बरं वाटलं.

गाडी शनिवारी सकाळी पोचते. तू वेळेआधी जा. तू वेळेआधी कधी कुठे गेला नाहीस, म्हणून लिहितोय.

मघाशी बॅगेची चेन ओढताना वहिनी म्हणाली, "परत येईल ना हो ती?"

मी म्हणालो, "येईल."

तिने कशावरून विचारलं नाही. मीही दाखला शोधला नाही. आम्ही दोघांनी मिळून बॅग दाबून धरली आणि ती बंद झाली.

दादा